डोळे सुजले, तर गळ्याचीही तपासणी करा

हिंजवडीत राहणाऱ्या माणसाचे डोळे लाल झाले, तर त्याला कोणी डॉक्टरकडे पाठवत नाही. कारण आधीच तयार असते. आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्याला सांगतात, ‘स्क्रीन कमी बघ.’ दुचाकीवरून ये-जा करणाऱ्याला सांगतात, ‘मेट्रोच्या कामाची धूळ आहे, गॉगल लाव.’ आमच्या घरातही हेच झाले, आणि त्यात आमचे सात महिने वाया गेले. ते तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

आमची भाची फेज टूमधल्या एका कंपनीत नोकरी करते. वय चौतीस, एक मुलगा शाळेत जाणारा. गेल्या वर्षी तिचे डोळे चुरचुरू लागले. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या, वाऱ्यात पाणी वाहायचे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटायचे. ‘खाला, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते ना, त्यानंच होतंय,’ असे तीच आम्हाला सांगायची. मेडिकलमधून थेंब आणले. चष्म्याच्या दुकानात नंबर बदलून घेतला. एका डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीचे औषध दिले. थोडे बरे वाटायचे, पुन्हा तेच.

आम्हीही शहाणपणा केला. हजहून आलेल्या नातेवाइकांनी दिलेला सुरमा घरात होता, तो तिला लावायला दिला. तिची आग अधिकच वाढली.

हळूहळू गोष्ट डोळ्यांपुरती राहिली नाही. तिच्या सासूबाई म्हणू लागल्या, ‘सून हल्ली डोळे वटारून बघते.’ नवऱ्यालाही वाटायचे की ही सारखी रागात असते. कोणी म्हणाले, नजर लागली. जानेवारीच्या थंडीत ती पंखा लावून झोपायची. वजन आठ किलोने उतरले, तर रमजाननंतर सगळे कौतुकाने म्हणाले, ‘रोजे मानवले बरं का!’ ईदच्या दिवशी शीरखुर्मा वाढताना तिचा हात इतका कापला की वाटी कलंडली. तेव्हा तिने हळूच सांगितले, ‘जिना चढताना छाती धडधडते, रात्री झोप येत नाही.’ दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिला घेऊन फिजिशियनकडे गेलो.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, गळा चाचपला, हात पुढे धरायला सांगितले. मग तिच्या गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र मागून घेतले. तीन वर्षांपूर्वीचा तो फोटो त्यांनी तिच्या चेहऱ्याशेजारी धरला. फोटोत वरची पापणी बुबुळावर थोडी टेकलेली होती. आता बुबुळाच्या वरही पांढरा भाग दिसत होता. रोज समोर असलेल्या चेहऱ्यातला हा बदल आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

रक्ततपासणीत थायरॉईडचे हार्मोन फार वाढलेले आणि टीएसएच जवळजवळ शून्य आले. आजाराचे नाव ग्रेव्हज डिसीज. आणि डोळ्यांना जे झाले होते, त्याला थायरॉईड आय डिसीज म्हणतात, म्हणजे थायरॉईडशी जोडलेला डोळ्यांचा आजार.

गळ्याचा आणि डोळ्यांचा संबंध काय?

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेवर बसलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती टी-३ आणि टी-४ हे हार्मोन तयार करते. शरीराचा वेग त्यांच्यावर चालतो. हृदय किती जोरात धडकावे, अन्न किती लवकर जाळावे, अंगात ऊब किती राहावी, हे सारे त्यांच्यावर अवलंबून. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाचा निरोप पाठवून थायरॉईडला काम कमी-जास्त करायला सांगते. हार्मोन वाढले की निरोप थांबतो, म्हणून जास्त काम करणाऱ्या थायरॉईडमध्ये टीएसएच कमी दिसते.

आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. ती कधी कधी चुकते आणि आपल्याच अवयवाला परके समजते. ग्रेव्हज डिसीजमध्ये ही यंत्रणा अशा अँटीबॉडी तयार करते, ज्या टीएसएचचा खोटा निरोप घेऊन थायरॉईडच्या दारात उभ्या राहतात. ग्रंथी थांबतच नाही, हार्मोन बनवत राहते. मग धडधड, घाम, हात कापणे, वजन उतरणे, चिडचिड, झोप न लागणे, पाळी अनियमित होणे ही लक्षणे दिसतात.

ज्या प्रकारच्या दारावर या अँटीबॉडी थाप मारतात, तसेच दार डोळ्यांच्या मागच्या पेशींनाही असते. डोळा हाडाच्या खोबणीत बसलेला असतो. त्याच्या मागे चरबी असते आणि डोळा फिरवणारे स्नायू असतात. अँटीबॉडींमुळे हे स्नायू आणि चरबी सुजतात. खोबण हाडाची, ती पसरत नाही. सूज जाणार कुठे? ती डोळ्याला पुढे ढकलते. त्यातच वरची पापणी वर ओढली जाते. म्हणून माणूस टक लावून किंवा रागाने बघतो आहे असे वाटते. आमची भाची रागावलेली नव्हती. तिची पापणी खाली येत नव्हती, इतकेच.

म्हणजे थायरॉईडने डोळे बिघडवले असे म्हणणे पूर्ण खरे नाही. एकाच चुकलेल्या यंत्रणेने गळा आणि डोळे दोन्ही धरले. म्हणूनच हे दोन आजार नेहमी बरोबर चालत नाहीत. कोणाला आधी थायरॉईड होतो आणि नंतर डोळे, कोणाला आधी डोळे. बहुतेकांत या दोन्हींत दीड वर्षापेक्षा जास्त अंतर नसते. डोळ्यांचा हा आजार झालेल्या दहापैकी साधारण नऊ जणांचा थायरॉईड जास्त काम करणारा असतो. उरलेल्यांत तो मंद असतो किंवा तपासणीत अगदी नॉर्मल येतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल आला, आता डोळ्यांचा प्रश्न मिटला’ असे समजू नये. ग्रेव्हज झालेल्या प्रत्येकाचे डोळे बिघडतात असेही नाही. ज्यांचे बिघडतात, त्यांतल्या बहुतेकांना त्रास सौम्य असतो. दृष्टीला धोका होण्याइतका तीव्र आजार शंभरात थोड्याच रुग्णांना होतो, पण त्यांना वेळ फार कमी मिळतो.

हा आजार स्त्रियांना अधिक होतो. पुरुषांना कमी होतो, पण झाला तर बऱ्याचदा जोरात होतो.

नवा आजार नव्हे

उर्दू शिकवताना हकीमांच्या जुन्या ग्रंथांची नावे आमच्या वाचनात येतात. त्यांतले एक फारसीतले ‘जखीरा-ए-ख्वारज्मशाही’. बाराव्या शतकात सय्यद इस्माईल जुरजानी यांनी हा वैद्यकाचा मोठा ग्रंथ लिहिला. गलगंड आणि पुढे आलेले डोळे यांचा संबंध त्यांनी त्यात नोंदवला होता, असे वैद्यकाचे इतिहासकार सांगतात. ना रक्ततपासणी, ना स्कॅन. रुग्णाचा चेहरा नीट पाहूनच त्यांनी हे ओळखले.

पुढे इंग्लंडच्या कॅलेब पॅरी यांची निरीक्षणे त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ साली छापली गेली. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये या आजाराचे वर्णन केले. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ग्रेव्हजचे नाव रूढ झाले, युरोपात अनेक ठिकाणी आजही बासेडोचे नाव चालते.

मोठ्या घरांनाही हा आजार चुकलेला नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांच्या पत्नी बार्बरा यांना १९८९ मध्ये ग्रेव्हज असल्याचे कळले. त्यांच्या डोळ्यांना बराच त्रास झाला, एकाचे दोन दिसू लागले. दोनच वर्षांनी, १९९१ मध्ये, पळण्याचा व्यायाम करताना राष्ट्राध्यक्षांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, आणि तपासणीत त्यांनाही तोच आजार निघाला. पत्नीला डोळ्यांनी इशारा दिला, पतीला हृदयाने.

कोणती लक्षणे ओळखायची?

डोळे कोरडे पडणे, चुरचुरणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे. सकाळी पापण्या सुजलेल्या असणे. बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसणे. झोपेत डोळे पूर्ण न मिटणे. डोळ्यांच्या मागे दुखणे, विशेषतः वर किंवा बाजूला बघताना. एका वस्तूच्या दोन दिसणे. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटणे. हे सर्व एकाच माणसात दिसेल असे नाही. कॉम्प्युटरनेही डोळे कोरडे होतात हे खरे, पण कॉम्प्युटरने डोळे पुढे येत नाहीत आणि पापणी वर चढत नाही. हा फरक लक्षात ठेवावा.

काही लक्षणे मात्र त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेण्याची आहेत. रंग फिके दिसू लागणे, उदाहरणार्थ लाल ओढणी एका डोळ्याने विटकी दिसणे. नजर अंधूक होणे. डोळा मिटता न येणे आणि त्यात तीव्र वेदना किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसणे. सुजलेले स्नायू दृष्टीच्या नसेवर दाब देत असतील, तर उशीर झाल्यास गेलेली नजर परत येत नाही.

एकाचे दोन दिसत असतील, तर दुचाकी चालवू नये. भूमकर चौकातल्या गर्दीत तर नाहीच.

‘थायरॉईडची गोळी’ ही एक गोष्ट नाही

आजाराचे नाव कळल्यावर आमच्या शेजारच्या एका भगिनीने प्रेमाने स्वतःच्या गोळ्यांची बाटली पुढे केली. ‘मलाही थायरॉईड आहे, मला हिने फरक पडला.’ तिचा थायरॉईड मंद होता, तिची गोळी हार्मोन वाढवणारी. आमच्या भाचीला हार्मोन कमी करणारी गोळी हवी होती. तिने ती गोळी घेतली असती, तर आगीत तेल पडले असते. आपण दोघींच्या आजाराला ‘थायरॉईड’ असे एकच नाव देतो, पण ते एकमेकांच्या उलट असतात. म्हणून कोणाचीही गोळी कोणाला देऊ नये.

जास्त काम करणाऱ्या थायरॉईडवर साधारणपणे कार्बिमॅझोलसारखी गोळी देतात. ती घेत असताना ताप आणि घसादुखी झाली, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना भेटून रक्त तपासावे. या गोळीने क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. मूल होऊ द्यायचे ठरवले असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावे, गोळी बदलावी लागते. दुसरा उपाय किरणोत्सारी आयोडीनचा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना तो देत नाहीत. त्याने काहींचे डोळे अधिक बिघडू शकतात, त्यामुळे डोळ्यांचा त्रास असेल तर तो आवर्जून सांगावा. तिसरा उपाय शस्त्रक्रियेचा. मार्ग कोणताही असो, हार्मोन ना फार वर, ना फार खाली राहावेत. दोन्ही टोके डोळ्यांना वाईट.

डोळ्यांचे उपचार

हा आजार दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा सुजेचा, काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत. त्यानंतर सूज आपोआप शांत होते, पण झालेला बदल पूर्ण मागे जाईलच असे नाही. पहिल्या टप्प्यात सूज आवरायची, दुसऱ्या टप्प्यात राहिलेला दोष दुरुस्त करायचा, असा उपचारांचा क्रम असतो.

सौम्य त्रासात कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री डोळ्यांत जेल, उशी थोडी उंच, बाहेर गॉगल एवढ्यानेही आराम पडतो. काही सौम्य रुग्णांना डॉक्टर सहा महिने सेलेनियम देतात. ते दुकानातून आणून स्वतःच्या मनाने घेऊ नये. सूज जास्त असेल, तर आठवड्यातून एकदा शिरेतून स्टिरॉईड, साधारण बारा आठवडे, देतात. त्यात साखर, रक्तदाब आणि यकृत तपासावे लागते, म्हणून मेडिकलमधून स्टिरॉईडच्या गोळ्या आणून घेणे हा खेळ नव्हे. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये खास या आजारासाठी टेप्रोट्युम्युमॅब नावाच्या इंजेक्शनला मंजुरी मिळाली. ते फार महाग आहे.

आजार शांत होऊन साधारण सहा महिने स्थिर राहिला की गरजेप्रमाणे शस्त्रक्रिया करतात. आधी खोबणीत जागा करून देण्याची, मग तिरळेपणाची, शेवटी पापणीची. हा क्रम ठरलेला असतो, कारण पहिलीने दुसरीचा हिशेब बदलतो. दृष्टीच्या नसेवर दाब आला, तर मात्र सहा महिन्यांची वाट बघत नाहीत.

यासाठी दोन डॉक्टर लागतात. एक थायरॉईड बघणारे आणि एक डोळ्यांचे, शक्यतो डोळ्यांची खोबण आणि पापण्या यांचे विशेष शिक्षण घेतलेले. दोघांना एकमेकांचे कागद दाखवावेत. आपल्या भागातल्या ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही, त्यांच्यासाठी पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचे जिल्हा रुग्णालय आणि पुण्याचे ससून इथे नेत्रविभाग आहेत. पुण्यातच महंमदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे.

घरातला धूर

पहिल्याच भेटीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी भाचीला विचारले, ‘तुम्ही सिगारेट ओढता?’ ती हसली. पुढचा प्रश्न आला, ‘घरात कोणी ओढतं?’ तिचा नवरा खाली बघू लागला.

या आजारात माणसाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे धूर. सिगारेट ओढणाऱ्यांत डोळ्यांचा आजार अधिक होतो, अधिक तीव्र होतो, आणि उपचारांचा गुणही कमी येतो. दुसऱ्याने सोडलेला धूरही टाळावा, असे डॉक्टर बजावतात. आमचे जावई कंपनीबाहेरच्या टपरीवर ओढायचे आणि रात्री घराच्या गॅलरीत. बायकोच्या डोळ्यांवर सहा-सात हजारांच्या तपासण्या करायला ते तयार होते, पण खिशातले पाकीट टाकणे त्यांना जड गेले. दोनदा सुटली, दोनदा पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा सुटली ती आजवर सुटलेली आहे. आम्ही त्यांना नावे ठेवत नाही. पण घरातल्या पुरुषांना एवढेच विचारतो, ज्या डोळ्यांसाठी आपण डॉक्टरांच्या दारात बसतो, त्याच डोळ्यांपुढे धूर कशासाठी?

आपल्या घरातल्या आणखी काही गोष्टी

सुरमा आणि काजळ सुजलेल्या, कोरड्या डोळ्यांत घालू नये. बाजारातल्या काही सुरम्यांत शिसे असते, ते तर निरोगी डोळ्यांनाही नको. आमची चूक आम्ही वर सांगितलीच आहे.

रमजान येण्याआधी डॉक्टरांकडून गोळ्यांच्या वेळा सहरी आणि इफ्तारप्रमाणे ठरवून घ्याव्यात. आजार जोरात असेल आणि डॉक्टर नको म्हणत असतील, तर आजाऱ्याला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. सजद्यात वाकल्यावर डोळ्यांवर दाब येत असेल, तर तेही डॉक्टरांना संकोच न करता विचारावे.

आयोडीनयुक्त मीठ स्वतःच्या मनाने बंद करू नये. आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या किंवा चूर्णही सांगितल्याशिवाय घेऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलणे. चेहरा बदलला की बाई आरशासमोर जायला कचरते, लग्नकार्य टाळते, फोटोत मागे उभी राहते. त्यात ‘डोळे वटारते’, ‘नजर लागली’ हे शब्द कानावर पडले, की ती आजार लपवू लागते. आमच्या भाचीच्या सासूबाईंना आम्ही डॉक्टरांसमोरच बसवले आणि सर्व समजावून घ्यायला लावले. घरी येताना गाडीत त्या म्हणाल्या, ‘पोरीला मी उगाच बोलले.’ त्या दिवसापासून थेंबांच्या वेळा त्याच लक्षात ठेवतात. दुवा करावी, जरूर करावी, पण दुवेबरोबर दवाही सुरू असावी.

आज वर्ष होत आले. भाचीचे हार्मोन ताब्यात आहेत. लाली गेली, एकाचे दोन दिसणे थांबले. डोळे अजून थोडे पुढे आहेत. पापणीची शस्त्रक्रिया करायची की नाही, हे आजार आणखी स्थिर झाल्यावर ठरेल. ती कामावर जाते, मुलाचा अभ्यास घेते. सात महिने आधी गेलो असतो तर कदाचित कमी सोसावे लागले असते, ही बोच आम्हाला आहे.

वाचक भगिनी-बंधूंनो, आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातल्या ज्याचे डोळे बरेच दिवस लाल किंवा सुजलेले आहेत, त्याचा दोन-तीन वर्षांपूर्वीचा फोटो काढा. आधार कार्डाचा, ओळखपत्राचा, लग्नातला, कोणताही. तो चेहऱ्याशेजारी धरून बघा. फरक दिसला, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि थायरॉईडची रक्ततपासणीही करून घ्या. अल्लाह सर्वांना आरोग्य देवो.